उतारवयातली तालीम

रमजानचा चाँद दिसला की मशिदी भरू लागतात. सफांच्या, म्हणजे नमाजच्या रांगांच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्याही मांडल्या जातात. इशाच्या नमाजनंतर तरावीह सुरू होते. बहुतेक ठिकाणी ती वीस रकातींची असते, काही ठिकाणी आठ रकातींची. प्रत्येक रकातीत उभे राहणे, कमरेत वाकणे, कपाळ जमिनीला टेकणे आणि पुन्हा उठणे आलेच. वीस रकाती म्हणजे जमिनीवरून सुमारे वीस वेळा उठून उभे राहणे. साठी-सत्तरीतल्या अनेकांचे पाय इथेच साथ सोडतात. पहिल्या चार-सहा रकाती निभतात, मग हात टेकून उठावे लागते, आणि शेवटी खुर्ची जवळ ओढली जाते.

ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून नमाज पढावी, बसताही येत नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्याने पढावी, अशी सवलत धर्मानेच दिलेली आहे. त्यामुळे खुर्चीवर बसण्यात कमीपणा मुळीच नाही. काळजी वेगळीच आहे. ही खुर्ची मशिदीपुरती राहत नाही. आज ज्यांना सजद्यातून उठता येत नाही, त्यांना काही वर्षांनी पलंगावरून, कमोडवरून, रिक्षातून उतरतानाही कुणाचा तरी हात लागतो. हे सगळे वयाचे देणे म्हणून सोसायचे, की त्यातले काही परत मिळवता येते? गेल्या साडेतीन दशकांच्या संशोधनाने याचे उत्तर दिले आहे. बरेच काही परत मिळवता येते. मात्र त्यासाठी थोडे वजन उचलावे लागते.

वयाचा वाटा किती, सवयीचा किती?

'गुडघे गेले' असे आपण सहज म्हणतो. गुडघ्यातली झीज खरीच असते. पण तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट झालेली असते, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू अशक्त झालेले असतात. माणूस बसल्या जागेवरून उठतो तो मुख्यतः याच स्नायूंच्या जोरावर.

तिशीनंतर दर दहा वर्षांना शरीरातले ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, असा सर्वसाधारण अंदाज आहे. साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची ताकद अधिक झपाट्याने घटते. म्हणूनच वजनकाट्यावर आकडा तोच दिसतो, अंगावर चरबीही असते, आणि तरी पाण्याची बादली उचलवत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी या ऱ्हासाला 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'मांसाची उणीव' असा होतो. अमेरिकेतील रोगांच्या वर्गीकरणात २०१६ पासून त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. तोवर वैद्यकशास्त्रही त्याला म्हातारपणाचा एक भाग समजून सोडून देत होते.

यात सवयीचा वाटा किती मोठा असतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाने दाखवले. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले. त्यांना कोणताही आजार नव्हता, जेवणही व्यवस्थित होते. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस कमी झाले. एखाद्या तापानंतर किंवा ऑपरेशननंतर घरातले वडीलधारे 'बसले ते उठलेच नाहीत' असे का होते, ते यावरून कळते. आजार बरा होतो, पण दरम्यान गेलेली ताकद आपोआप परत येत नाही.

बोस्टनमधले नव्वदीचे विद्यार्थी

आता दुसरी बाजू. १९९० मध्ये डॉ. मारिया फियाटरोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात एक प्रयोग केला. त्यात नव्वदीच्या घरातले १० जण होते. हे निवडक तगडे वृद्ध नव्हते. अनेक आजार असलेले, काठीच्या आधाराने चालणारे, पूर्वी पडलेले असे ते लोक होते. त्यांना आठ आठवडे पायांसाठी वजनाचा व्यायाम दिला. वजन नावापुरते नव्हते. प्रत्येकाच्या कुवतीच्या मानाने चांगलेच जड होते आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवले गेले.

ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या मधल्या भागातले स्नायू ९ टक्क्यांनी भरले आणि चालण्याच्या एका चाचणीत वेग जवळपास दीडपट झाला. प्रयोग छोटा होता म्हणून त्याच संशोधकांनी पुढे १०० वृद्धांवर तो पुन्हा केला. १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय ८७ होते. दहा आठवड्यांत ताकद दुपटीहून अधिक झाली आणि जिने चढण्याचा जोर २८ टक्क्यांनी वाढला. या दुसऱ्या प्रयोगात काहींना व्यायामाशिवाय नुसते पोषक पेय दिले होते. त्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. टॉनिकच्या बाटलीवर विसंबणाऱ्या घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हा फायदा टिकतो का? डेन्मार्कमध्ये नुकत्याच निवृत्त झालेल्या ४५१ जणांवर झालेल्या अभ्यासाचे पुढचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. ज्यांनी एक वर्ष जड वजनाचा व्यायाम केला होता, त्यांच्या पायांची ताकद चार वर्षांनंतरही सुरुवातीइतकी टिकून होती. ज्यांनी काही केले नव्हते, त्यांची घटली होती.

या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. सत्तरीतला, ऐंशीतला, नव्वदीतला स्नायूसुद्धा हाक दिली की ओ देतो. त्याला हाक द्यायची ती वजनाने.

मायेने होणारे नुकसान

आपल्या घरांत मात्र नेमके उलटे घडते. अम्मी भांडे उचलायला गेली की सून धावत येते, "अम्मी, तुम्ही बसा, मी करते." अब्बा बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आले की मुलगा रागावतो, "अब्बा, मला सांगायचं ना!" पाणी जागेवर, जेवण जागेवर, वजूचे पाणीही जागेवर. यात माया असते, आईबापांच्या खिदमतीची शिकवण असते. पण हाताला आणि पायाला जे थोडेफार वजन रोज मिळत होते, तेही त्या मायेपोटी काढून घेतले जाते. दहा दिवसांच्या अंथरुणाचे जे परिणाम वर पाहिले, तेच इथे दहा वर्षांत सावकाश होतात.

घरेही बदलली आहेत. पूर्वी दस्तरखान जमिनीवर अंथरला जाई, बिछाना जमिनीवर घातला जाई, बायका बसून पीठ मळत, बसून धुणे धूत. दिवसातून कितीदा तरी खाली बसणे-उठणे होई. डायनिंग टेबल, सोफा, उभा ओटा आणि कमोड यांनी सोय झाली, दुखण्यात मोठा आधारही झाला. पण त्यांच्यामुळे बैठका गेल्या त्या गेल्याच.

जमिनीवरून उठण्याच्या क्षमतेचा आयुष्याशी संबंध आहे, हे ब्राझीलमधील संशोधकांनी २०१२ मध्ये मांडले. त्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि किती आधार घ्यावा लागला त्यावर दहापैकी गुण दिले. पुढील काही वर्षांत सर्वांत कमी गुण मिळालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक गुण मिळालेल्यांच्या पाचपटीहून अधिक आढळले. उठता न आल्यामुळेच ते दगावले असा याचा अर्थ नव्हे. पण शरीराच्या आतली शिल्लक किती आहे, हे त्या साध्या उठण्यातून कळते. शिवाय पाय कमजोर झाले की पडण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते.

तालीम कुणाची?

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे लाल मातीचा आखाडा. मूळ अरबी शब्द एकच आहे. कोल्हापूर-सांगलीकडे पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या, त्यांत सर्व धर्मांच्या पोरांनी जोर-बैठका मारल्या, मुद्गल फिरवले. तेव्हा वजन उचलणे आपल्याकडे काही परके नाही. पण कसरत ही विशीतल्या पोरांची आणि तीही पुरुषांची, अशी एक समजूत पक्की होऊन बसली आहे. ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे ते वृद्ध, आणि त्यांतही बायका, त्यामुळे बाहेर राहिल्या.

पाळी थांबल्यानंतर बायकांची हाडे वेगाने ठिसूळ होतात. ऑस्ट्रेलियात हाडांची घनता कमी झालेल्या १०१ स्त्रियांवर एक अभ्यास झाला, त्यांचे सरासरी वय ६५ होते. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने जड वजनाचा व्यायाम करणाऱ्या गटात कण्याच्या हाडांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती एक टक्क्याहून थोडी अधिक घटली. हा जड व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला होता. घरी एकट्याने तितके वजन उचलण्याचे धाडस करू नये. मात्र पाय बळकट करणे, तोल सुधारणे आणि पडणे टाळणे एवढे घरच्या व्यायामानेही साधते.

आधी स्वतःची परीक्षा

सुरुवातीला आपण कुठे आहोत ते पाहावे. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीशी बांधून, आधार न घेता पाच वेळा पूर्ण उभे राहून बसावे. घरातल्या कुणीतरी जवळ उभे राहून घड्याळ लावावे. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर स्नायू कमजोर झाल्याची शंका घ्यावी. एकदाही हाताशिवाय उठता आले नाही, तर निराश होऊ नये. बोस्टनचे विद्यार्थीही चांगलेच कमजोर होते.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे चांगले. रक्तदाब आटोक्यात नसेल, चालताना छातीत दुखत असेल, हर्निया असेल, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला इजा झाली असेल, मणका पूर्वी दबलेला असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर विचारल्याशिवाय वजन उचलूच नये.

जिममध्ये न जाता

महागड्या साधनांची गरज नाही. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. अर्ध्या लिटरची म्हणजे अर्धा किलो. मजबूत कापडी पिशवीत तांदळाची पाकिटे टाकली की दोन, तीन, पाच किलो हवे तसे वजन तयार होते. पुढे जमले तर डंबेलची जोडी घ्यावी.

खुर्चीतून उठणे: हा सर्वांत महत्त्वाचा व्यायाम. पाय जमिनीवर घट्ट ठेवून, किंचित पुढे झुकून उठावे आणि बसताना धपकन न बसता सावकाश बसावे. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी. सोपे झाले की उशी काढावी, मग छातीशी बाटली धरावी, मग पिशवी.

टाचा उचलणे: स्वयंपाकघरातला ओटा धरून दोन्ही टाचा वर, मग सावकाश खाली. त्याच जागी, ओट्याला बोटे टेकवून, एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव करावा. त्याने तोल सुधारतो.

भिंतीचे दंड: भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे टेकवावेत, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्यावी आणि रेटून मागे यावे.

पिशवी ओढणे: एक हात टेबलावर टेकवून, पाठ सरळ ठेवून, दुसऱ्या हातातली पिशवी कमरेपर्यंत ओढावी, सावकाश खाली न्यावी. मग हात बदलावा.

वजन घेऊन चालणे: दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन, ताठ चालत खोलीत चार फेऱ्या माराव्यात. बाजारातून येताना करतो तेच, फक्त ठरवून.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा करावा, मिनिट-दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा एकदा करावा. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, मध्ये किमान एक दिवस विश्रांती हवी. जागतिक आरोग्य संघटनेचीही स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवसांची शिफारस आहे. पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकद यांचा मिळून केलेला व्यायाम तीन दिवस करावा, असे ती सांगते. उचलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब उसळतो.

वजन किती असावे? शेवटच्या दोन खेपा जड वाटाव्यात, पण ढब बिघडू नये, इतके. बारा खेपा सहज होऊ लागल्या की वजन थोडे वाढवावे. इथेच बहुतेक जण चुकतात. वर्षानुवर्षे त्याच अर्ध्या किलोच्या बाटल्या हलवत राहतात आणि 'काही फरक नाही' म्हणून सोडतात. स्नायू ओळखीच्या वजनाला लवकर सरावतो आणि मग वाढत नाही. दुसऱ्या दिवशी अंग थोडे आंबले तर घाबरू नये. पण सांध्यात कळ आली, छातीत दुखले, चक्कर आली, तर लगेच थांबावे.

नमाज हीच पुरेशी कसरत आहे, असे काही जण म्हणतात. नमाज ही इबादत आहे, तिला व्यायामाच्या मापाने मोजू नये. पाच वेळच्या फर्ज नमाजच्या १७ रकातींनी सांधे हलते राहतात, उठण्या-बसण्याची सवय टिकते, हे खरे. पण तिथे भार रोज तोच असतो. हरवलेली ताकद परत आणायची तर वजन वाढवत न्यावे लागते.

रोज्यात केव्हा करावे?

दिवसभर अन्नपाणी नसताना, विशेषतः इफ्तारच्या आधीच्या तास-दोन तासांत वजन उचलू नये. शरीरात पाणी कमी असते, मधुमेही व्यक्तीची साखर घसरू शकते. इफ्तारनंतर तासाभराने, पाणी पोटात गेल्यावर, पंधरा-वीस मिनिटांचा व्यायाम करता येतो. ज्या दिवशी तरावीह उभे राहून पूर्ण पढायची असेल, त्या दिवशी तेवढेच पुरे. रोजा ठेवणाऱ्या मधुमेहींसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही तरावीहला दिवसाच्या शारीरिक श्रमांत धरायला सांगतात. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असेही ती सांगतात. या महिन्यात वजन वाढवण्याच्या मागे न लागता, आहे ते टिकवले तरी खूप झाले. ज्यांना वयामुळे रोजाच झेपत नाही, त्यांना रोज्याची सवलत आहे. त्यांनी दिवसा सोयीच्या वेळी व्यायाम करावा.

दस्तरखानावरही लक्ष हवे. इफ्तारला भजी, समोसे आणि सरबत यांनी पोट भरते, पण स्नायूंना त्यातून फारसे काही मिळत नाही. भारतात प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. पासष्टीपुढच्यांना १ ते १.२ ग्रॅम लागतात, असे वृद्धांच्या आहाराचे अभ्यासक सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, पन्नास ग्रॅम कोरड्या चण्यांत दहाच्या आसपास. सहरीला अंडी, दही किंवा डाळ, इफ्तारला उकडलेले चणे, आणि जेवणात डाळ, मासे, चिकन किंवा हलीम असे वाटून घेतले तर हिशेब जमतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रथिने वाढवावीत.

घरातल्या तरुणांनी यात एक करावे. अम्मी-अब्बांची खिदमत करताना त्यांच्या हातातली सगळीच कामे काढून घेऊ नयेत. पाण्याचा जग त्यांना आणू द्यावा, भाजीची हलकी पिशवी त्यांच्याकडे राहू द्यावी. त्यांनी खुर्चीतून उठण्याचा सराव करताना शेजारी उभे राहावे, पण घाईने हात देऊ नये. ईदनंतर, शव्वालच्या पहिल्या आठवड्यात, पुन्हा एकदा घड्याळ लावून पाच वेळा उठण्याची परीक्षा घ्यावी आणि सेकंद कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. तिथून पुढच्या रमजानपर्यंत अकरा महिने हाताशी आहेत. बोस्टनच्या नव्वदीतल्या माणसांना दोन महिने पुरले होते.